प्रथिन कुले : उत्क्रांती

समान पूर्वज जनुकापासून उद्भवलेल्या प्रथिनांच्या समूहास प्रथिन कुल म्हणतात. हे नाते ॲमिनो अम्लांच्या क्रमातील साम्यावरून ओळखतात. क्रम फार बदललेला असल्यास त्रिमितीय रचनेचा आधार घेतात. कुलांचा विस्तार मुख्यतः जनुकांच्या द्विगुणनाने होतो. सुसुमू ओनो यांनी १९७० मध्ये या प्रक्रियेला उत्क्रांतीत मध्यवर्ती स्थान दिले. एक प्रत मूळ कार्य सांभाळते, तेव्हा दुसरीत उत्परिवर्तने साचू शकतात. अशा बहुतेक प्रती निकामी होऊन छद्मजनुके बनतात. काहींना नवे कार्य लाभते, तर काही मूळ कार्य आपसांत वाटून घेतात. हीमोग्लोबिनाच्या आल्फा व बीटा शृंखला अशाच द्विगुणनातून, सु. ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी, वेगळ्या झाल्या असे मानतात.

डोमेन म्हणजे प्रथिनाचा बहुधा स्वतंत्रपणे घडी घेणारा भाग. नवे डोमेन प्रथिनात कसे येते, याविषयी दीर्घकाळ वाद आहे. वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये सुचविले की, इंट्रॉनांमधील (जनुकातील प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यांमधील) पुनःसंयोजनामुळे (डीएनए तुटून नव्याने जुळण्यामुळे) एक्झॉनांची (प्रथिनाचा संकेत असलेल्या तुकड्यांची) फेरजुळणी होऊन नवी प्रथिने घडतात. पुढे काहींनी ही कल्पना थेट आद्य जनुकांपर्यंत नेली. जीवाणूंच्या जनुकांत दृश्यकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक असलेल्या) पेशींसारखे इंट्रॉन आढळत नाहीत. ते जीवाणूंनी पूर्णपणे गमावले असे या पक्षाला गृहीत धरावे लागते. लास्लो पाथी यांनी फेरजुळणीचा भर प्राणिवर्गाच्या उत्क्रांतीत असल्याचे मांडले. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते. रक्ताची गुठळी विरघळविणारे ऊतक प्लाझ्मिनोजेन सक्रियक हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यात फिंगर, ईजीएफ-सदृश, दोन क्रिंगल व सेरीन प्रोटिएज अशी डोमेने ओळीने असून, क्रिंगल प्रोथ्रॉम्बिनात दोन व प्लाझ्मिनोजेनात पाच आहेत. डोमेनांच्या कडांशी असलेले इंट्रॉन वाचनचौकटीच्या (क्रम तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचण्याच्या मांडणीच्या) एकाच स्थितीत येतात, म्हणून डोमेन शिरले तरी पुढील क्रम बिघडत नाही. तथापि फेरजुळणी हा एकमेव मार्ग नव्हे. डोमेनांची भर बहुतांशी प्रथिनाच्या टोकांशी पडलेली दिसते. त्यावरून शेजारील जनुकांचे संलयन, अनेकदा आधीच्या द्विगुणनासह, महत्त्वाचे ठरत असावे.

डोमेन गळणे तुलनेने सोपे असते : एखाद्या उत्परिवर्तनाने अकाली विराम संकेत आला, तरी शेवटचे डोमेन तुटते. मात्र जातिवृक्षावर (जातींचे पूर्वजनाते दाखविणाऱ्या आकृतीवर) डोमेनाचा लाभ कोणता व लोप कोणता, हे ठरविताना विशेष काळजी घ्यावी लागते. क्रम फार बदललेले डोमेन ओळखता आले नाही, तर ते चुकीने लुप्त समजले जाते.