"बाजूने चालव ना" : मुंबईतल्या सायकलवाल्यावर जबाबदारी कशी येऊन पडली

पहाटे साडेपाचला लालबागच्या पुलाखालून जायची सवय असेल तर पाववाला दिसतोच. मागच्या कॅरिअरवर निळ्या प्लास्टिकने झाकलेलं लादीपावाचं मोठं गाठोडं, हँडलला दोन्हीकडे पिशव्या, आणि चढ आला की तो सीटवरून उठून पॅडलवर उभा राहून सायकल रेटतो. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याला टॅक्सीचं दार लागलं. टॅक्सी सिग्नलला थांबलेली, मागे बसलेल्या माणसाने मागे न बघता डावीकडचं दार खाडकन उघडलं, आणि हा नेमका तिथूनच येत होता. लाद्या रस्त्यावर, मनगट सुजलेलं, पुढच्या चाकाला असा आऊट आला की चाक फोर्कला घासायला लागलं. उतरलेला माणूस पहिलं काय बोलला तर "दिसत नाही का तुला?" जमलेल्यांपैकी दोघंतिघंही पाववाल्यालाच समजवायला लागले, अरे बाजूने चालव ना. तो बाजूनेच चालला होता हो. त्याच्या डावीकडे गटाराची जाळी होती, त्याच्या पलीकडे फुटपाथ.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. लागतं ज्याला त्यालाच आपण सांगतो सांभाळून चालव, आणि एक टन लोखंड घेऊन फिरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हे मुंबईत कधीपासून सुरू झालं? सुरुवातीला असं नव्हतं, म्हणून थोडं मागे जाऊन लिहितोय.

सायकल मुंबईत आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आधी साहेबांकडे आणि पैसेवाल्या घरांत, मग हळूहळू सगळ्यांकडे. ह्या शहराला सायकलचं किती वेड होतं ते बघायचं असेल तर १५ ऑक्टोबर १९२३ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची काही पारशी पोरं सायकलवर जगाच्या फेरीला निघाली. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघं वाळवंटं, डोंगर, जंगलं पार करत सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ ला मुंबईत परत आले. आज ह्याच शहरात दादरहून बांद्र्याला पोराला सायकलने पाठवायची आईबापांची छाती होत नाही, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

पण सायकलचा खरा संसार होता पोटापाण्याचा. डबेवाल्यांचं काम १८९० पासूनचं, आणि लोकलमधून उतरल्यावर ऑफिसपर्यंतचं शेवटचं अंतर सायकलच काढत आली. दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, इस्त्रीवाला, कुल्फीवाला, रात्रीचा चहावाला, सगळे सायकलवर. वरळीला तर हिंद सायकलचा कारखानाच होता, १९८० साली केंद्र सरकारने कायदा करून त्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढे तो बंद पडला. आमचे आजोबा परळहून फोर्टला सायकलने जायचे, त्यांची भीती मोटारीची नव्हती, ट्रामच्या रुळांची होती. रुळाच्या खाचेत चाक गेलं की माणूस आडवाच, पावसात तर जास्तच, म्हणून रूळ नेहमी तिरके ओलांडायचे असं ते सांगायचे. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली आणि तो धोका गेला, पण तोवर दुसरा धोका वाढायला लागला होता.

आता कायद्याचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा सरकारला त्या धोकादायक वाटल्या आणि म्हणून बंधनं मोटारवाल्यावर आली. १९१४ चा मोटार कायदा, मग १९३९ चा, दोन्हींचा सूर तोच, की यंत्र ज्याच्या हातात त्याने लायसन काढायचं, गाडीची नोंदणी करायची, नीट चालवायची. १९३९ च्या कायद्यातलं थर्ड पार्टी विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा होऊ शकते हे गृहीत धरूनच तुम्ही रस्त्यावर यायचं. सायकलला ह्यातलं काहीच लागत नव्हतं आणि आजही लागत नाही, कारण सायकलने सहसा कोणी मरत नाही. सायकलवाल्याचे नियम वेगळे आणि बारीक होते. रात्री दिवा पाहिजे, डबलसीट नको, गावोगावी नगरपालिकेचा बिल्ला, आणि दिवा नसला तर हवालदार चाकाची हवा सोडायचा हे जुन्या पिढीतल्या कोणालाही विचारा. गंमत म्हणून आठवतात लोक हे, पण दिव्याचा नियम चांगलाच होता, तो सायकलवाला दिसावा म्हणून होता.

मग १९८२ मध्ये एक मोठी गोष्ट झाली जी फारशी कोणाला माहीत नसते. मोटार कायद्यात असं आलं की अपघातात कोणी मेलं किंवा कायमचं अपंग झालं तर चूक कोणाची हे सिद्ध व्हायच्या आधीच गाडीमालकाने ठरावीक भरपाई द्यायची, मृत्यूला १५,००० आणि अपंगत्वाला ७,५०० रुपये. आकडे छोटे होते, १९८८ च्या नव्या कायद्यात ते वाढले, नंतर ५०,००० आणि २५,००० पर्यंत गेले. आकड्यांपेक्षा मला त्यामागचं तत्त्व महत्त्वाचं वाटतं, ज्याने धोका रस्त्यावर आणला त्याने आधी खिशात हात घालायचा. नेदरलँडमध्ये हेच तत्त्व पार टोकाला नेलंय, मोटारीने चौदा वर्षांखालच्या मुलाला उडवलं तर जवळजवळ नेहमीच पूर्ण नुकसान मोटारवाल्याकडे, आणि वयाने मोठ्या सायकलवाल्याची चूक असली तरी साधारण अर्धं तरी मोटारवाल्याकडेच. तिथे हे काही आपोआप झालं नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर ३,००० च्या वर माणसं गेली, त्यात ४०० च्या वर मुलं होती, तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले, आणि १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करावा लागला. म्हणून "ते युरोप आहे, आपल्याकडे नाही जमणार" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की बाबा त्यांच्याकडेही आधी नव्हतं.

मग आपल्याकडे गाडं अडलं कुठे? माझ्या मते रस्त्यात. कायदा एक सांगत राहिला आणि रस्ता दुसरंच शिकवत राहिला.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास विल्बर स्मिथ ह्या अमेरिकन कंपनीला दिला गेला आणि त्यातून समुद्राकाठच्या फ्रीवेंची कल्पना आली, आजचा सी लिंक आणि कोस्टल रोड त्याच विचाराची नातवंडं आहेत. जवळपास त्याच वेळी, १९६२ साली, इंडियन रोड्स काँग्रेस ह्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सायकल ट्रॅक कसा बांधायचा, किती रुंद, कुठे, ह्याची मानकं छापली होती. म्हणजे दोन्ही कागद साधारण एकाच काळात टेबलावर होते. शहराने कुठला उचलला ते आपण बघतोच आहोत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, नव्वदच्या दशकात कर्जावर गाडी मिळायला लागली, आणि १९९५ नंतरच्या चारपाच वर्षांत शहरात पन्नासएक फ्लायओव्हरचा कार्यक्रम निघाला. फ्लायओव्हर झाला की खालचा रस्ता अंधारा आणि पार्किंगने भरलेला, आणि वरून उतरणारी गाडी ज्या वेगात खाली येते तिथे डावीकडे सायकल असू शकते हे ड्रायव्हरच्या मनातच येत नाही. ३० जून २००९ ला सी लिंक सुरू झाला, सायकल बंद. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू, मार्चमध्ये कोस्टल रोड, दोन्हीकडे सायकल बंद. ह्या रस्त्यांवर सायकल नको ह्यामागची सुरक्षेची कारणं मला समजतात, पण मग सायकलवाल्याला दुसरी वाट कुठली दिली? सुमारे २,००० किलोमीटर रस्ते आणि चाळीस लाखांवर गाड्या असलेल्या शहरात तो राहिला फक्त गटाराच्या जाळीवर.

ट्रॅक केलेच नाहीत असं नाही. बीकेसीत, म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुलात, एमएमआरडीएने (मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने) २०११ च्या सुमारास सायकल ट्रॅक बांधला. मी तिथे चालवून पाहिलीये, मध्येच झाड, मध्येच खांब, पुढे चारचाक्या उभ्या, त्याच्यापुढे चहाची टपरी, आणि ट्रॅकवरून रस्त्यावर उतरायचं तर तोंडाशी बस. आसपास राहणाऱ्या कामगारांच्या घरापासून तिथे यायला सुरक्षित वाटच नव्हती, म्हणजे बेट बांधलं आणि होडी दिली नाही. वापरत कोणी नाही म्हणून शेवटी तो काढून गाड्यांसाठी रस्ता वाढवायचं ठरलं. ट्रॅक वाईट बांधायचा, त्यावर गाड्या उभ्या राहू द्यायच्या आणि मग म्हणायचं मुंबईकराला सायकल नको, हे मला मान्य नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्येच लिहिलं होतं की सायकलसाठी राखलेल्या ट्रॅकवर मोटार घालायची नाही.

२०१७ च्या डिसेंबरात रविवार सकाळसाठी नरिमन पॉइंट ते वरळी लेन सुरू झाली, पुढच्या वर्षी तानसाच्या पाइपलाइनच्या कडेने मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरच्या ट्रॅकची योजना आली, मग पवई तलावाभोवतीचा ट्रॅक आला आणि ६ मे २०२२ ला हायकोर्टाने तो बेकायदा ठरवला, आणि बरोबरच केलं, तलावाचा काठ बुजवून कोणाला सायकल चालवायची नाहीये. पण ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, सायकल म्हणजे सुट्टीची, व्यायामाची, हवा खायची गोष्ट असं धरलंय. पाववाला रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला काय करेल? त्याला रोज लालबागचा रस्ता पाहिजे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट होतं की रस्त्याची वाटणी गाड्या बघून नाही, माणसं बघून करायची. ते वाक्य अजून कागदावरून उतरलेलं नाही.

शिक्षेचंही असंच. हयगयीने मृत्यू झाला तर भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ, ते १८७० सालचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. घोडागाडीच्या जमान्यातलं कलम दीडशे वर्षं मोटारीला लावत राहिलो. मुंबईतच २००६ च्या नोव्हेंबरात कार्टर रोडच्या फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण गेले, आणि त्या खटल्यात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखालची तीन वर्षांची शिक्षा कायम केली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की दारू पिऊन गाडी चालवणं म्हणजे नुसता "अपघात" नसतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीच्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धडक देऊन न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांचं पोटकलमही छापलंय, पण २०२४ च्या सुरुवातीला ट्रकवाल्यांचा संप झाला आणि ते लागू करणं थांबवलं गेलं.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला पहाटे नेरुळला पाम बीच रोडवर अवतार सैनी गेले. पेंटियम प्रोसेसरच्या कामातलं मोठं नाव, इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, वय ६८, चेंबूरला राहायचे, सोबत्यांबरोबर सायकलिंगला निघालेले. मागून कॅबने धडक दिली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्या दिवसापासून कोणी मला "हेल्मेट घाला म्हणजे झालं" म्हणालं की मी वेगाचं गणित सांगतो, गाडी ३० ऐवजी ६० ने आली तर धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. हेल्मेट घालाच, मीही घालतो, पण तो चौपटीचा आकडा ज्याचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे त्याच्या हातात असतो.

आता पाववाल्याकडे परत येतो. मनगट बरं झालं, चाकाचा आऊट काढला, चार दिवसांचा धंदा बुडाला तो बुडालाच, टॅक्सीचा नंबर कोणी घेतलाच नव्हता. त्याला आणि आजूबाजूच्या चारपाच सायकलवाल्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. कोणाला गाडीने उडवलं तर ड्रायव्हरने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि उशिरात उशिरा २४ तासांत पोलिसांना कळवायचं, हे मोटार कायद्याचं कलम १३४ आहे, उपकार नाही. मदत करणाऱ्या त्रयस्थाला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या लफड्याला घाबरून उभे राहू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० रुपये मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याकडे जातो. गाडी सापडली असेल तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, आणि त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून गावाला जाऊन येतो मग बघू असं करू नका, एफआयआरची प्रत आणि हॉस्पिटलचा कागद पहिल्याच आठवड्यात हातात घ्या.