दशांश दिला म्हणजे कारभारीपण संपलं?

ठाणे-वाशीकडच्या मराठी ख्रिस्ती ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘दहा टक्के देवाचे, उरलेले नव्वद तुमचे.’

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं, बायबलमध्ये आहेच, लेवीय 27:30 पाहा. पण त्याच बायबलात स्तोत्र 24:1 काढा: पृथ्वी आणि तिच्यातलं सगळंच परमेश्वराचं. म्हणजे नव्वद टक्क्यांचाही माणूस मालक नाही, कारभारीच.

आता मत्तय 23:23. पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशांश देणाऱ्यांना (काय तो काटेकोरपणा!) येशू म्हणतो, न्याय, दया आणि विश्वास तुम्ही सोडलेत. दशांश बंद करा, असं मात्र तो म्हणत नाही.

पहिलं पेत्र 4:10 मध्ये तर कारभार मिळालेल्या कृपादानांचा, म्हणजे देवानं दिलेल्या देणग्यांचा आहे, तोही एकमेकांच्या सेवेसाठी. मंडळीतलं (चर्चमधलं) पुढारीपणही त्यातच आलं. मार्क 10:43 वाचा, मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं.