हृदयविकारात पूरक ऑक्सिजन

खोलीतल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. त्याहून जास्त ऑक्सिजन नाकातल्या नळीने किंवा मास्कने देणे म्हणजे पूरक ऑक्सिजन. हृदयविकाराच्या झटक्यात तो सरसकट लावण्याची रीत जगभर अनेक दशके चालली, ती बरीचशी भरवशावर. आज तो औषध मानला जातो. औषध म्हटले की मात्रा आली आणि दुष्परिणामही आले.

झटक्यात हृदयाच्या एखाद्या धमनीत गुठळी अडकते. पलीकडच्या स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही तो रक्त पोचत नाही म्हणून. रक्तात ऑक्सिजन बहुधा पुरेसा असतो. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. ऑक्सिजनची पातळी, म्हणजे हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरला आहे ते प्रमाण, ९६ वरून १०० टक्क्यांवर नेली तरी त्यात जेमतेम एका मिलिलिटरची भर पडते. उलट, जास्तीच्या ऑक्सिजनने हृदयाच्या धमन्या आकसतात, त्यांतला प्रवाह घटतो आणि पेशींना इजा करणारे मुक्त मूलक वाढतात. अंगात रक्त कमी असलेल्या रुग्णात तर ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि तरीही ऊतींना ऑक्सिजन कमी पडतो. तिथे सिलिंडरचा उपयोग फारसा नाही.

ऑस्ट्रेलियातील 'अव्हॉइड' चाचणीत (२०१५) पातळी चांगली असलेल्या रुग्णांना मिनिटाला ८ लिटर ऑक्सिजन दिला, तेव्हा हृदयस्नायूची हानी कमी होण्याऐवजी जास्त झाल्याचे संकेत मिळाले. स्वीडनमधील चाचणी (२०१७) बरीच मोठी होती: ६,६२९ रुग्ण, मिनिटाला ६ लिटर, ६ ते १२ तास. वर्षभरातील मृत्यू ऑक्सिजन घेतलेल्यांत ५.० टक्के, साध्या हवेवरच्यांत ५.१ टक्के. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७ मध्येच पातळी ९० टक्के किंवा अधिक असल्यास सरसकट ऑक्सिजन नको, असे सांगितले.

मराठवाड्यात २०२१ च्या करोना लाटेनंतर ऑक्सिमीटर अनेक घरांत आला आणि ऑक्सिजनवरचा विश्वासही दुणावला. तालुक्याच्या दवाखान्यात छातीत कळ आलेला माणूस आणला की नातेवाईक आधी म्हणतात, "साहेब, ऑक्सिजन लावा." पाण्याच्या बाटलीत बुडबुडे उठले, ऑक्सिजनचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लोमीटरच्या नळीतली गोळी वर चढली की उपचार सुरू झाल्याचे समाधान मिळते. खरी घाई असते ती ईसीजीची, ॲस्पिरिनची आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची. अँजिओप्लास्टीसाठी (अडलेली धमनी फुग्याने उघडण्यासाठी) छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर गाठायचे असेल, तर रस्त्यातला वेळ धरून हे इंजेक्शन निघण्याआधीच द्यायचे का, हे ठरवावे लागते. मास्क लावण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी मोलाचा.

ऑक्सिजन कुठे हवाच? पातळी ९० च्या खाली गेली तर. हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी भरते, रुग्णाला आडवे पडवत नाही, तेव्हा तो जीव वाचवतो; गरज पडल्यास दाबाने हवा देणारे यंत्रही लावतात. काही जन्मजात विकारांत मात्र नवजात बाळाला तो तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावा, कारण ज्या वाहिनीवर बाळ तगून असते ती ऑक्सिजनने बंद होऊ शकते.

उजव्या बाजूच्या हृदयविकाराची गोष्ट वेगळी. गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या घालून चूल पेटवण्यात आयुष्य गेलेल्या बायकांत धुरामुळे फुप्फुसाचा जुनाट आजार होतो, त्याचा ताण हृदयाच्या उजव्या कप्प्यावर येतो आणि पाय सुजतात. रक्तातील ऑक्सिजन कायम फार कमी असेल, तर दिवसातून किमान १५ तास घरी ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढते, हे १९८० च्या सुमारास अमेरिका व ब्रिटनमधील चाचण्यांनी दाखवले. या रुग्णांत पातळी ८८ ते ९२ ठेवतात. त्याहून चढवली तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते.

घरचा कॉन्सन्ट्रेटर खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतो, त्यामुळे सिलिंडर भरून आणावा लागत नाही, पण तो विजेवर चालतो. लाइट गेली की तो बंद, म्हणून जोडीला भरलेला छोटा सिलिंडर ठेवतात. नळी लावलेली असताना चुलीजवळ बसणे किंवा खोलीत बिडी पेटवणे धोक्याचे, कारण जादा ऑक्सिजनमध्ये साडीचा पदरही क्षणात भडकतो.