जंतबाधा आणि जंतनाशकाचे शोषण

जंतबाधा आणि जंतनाशकाचे शोषण : पोटातले जंत ज्या औषधाने मरायचे, त्याच औषधाची रक्तात जाण्याची वाट जंत स्वतः अडवतात. पशुवैद्यकात ही गोष्ट जुनी आहे, पण गोठ्यापर्यंत फारशी पोचलेली नाही. बेळगाव सीमाभागात मेंढपाळ ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतो, तेव्हा दोष बाटलीला दिला जातो. पुष्कळदा तो जनावराच्या चौथ्या पोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या शेवटच्या, आंबट कप्प्यात असतो.

या भागात हवामानाच्या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी आहेत. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे धो-धो पाऊस आणि भातखाचरे; जिल्ह्याच्या ईशान्येला अथणीकडे कोरडे माळ. धनगरांची मेंढरे चाऱ्यामागे फिरतात आणि खतासाठी शेतात बसवली जातात, त्यामुळे जंतांची अंडीही त्यांच्याबरोबर फिरतात. उबदार ओलाव्यात अंड्यातून निघालेली अळी साधारण आठवडाभरात बाधा करण्याजोगी होते आणि दवाने भिजलेल्या गवतावर चढते. कन्नडमध्ये जंताला ‘जंतुहुळू’ म्हणतात. हुळू म्हणजे किडा, ‘जंतू’ हा शब्द दोन्ही भाषांतला.

मेंढ्या-शेळ्यांतला मुख्य शत्रू म्हणजे हिमोंकस. चौथ्या पोटात राहणारा, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखा हा कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलि. रक्त गमावायला लावतो. ५,००० कृमी म्हणजे रोज पाव लिटर. जबड्याखाली पाणी उतरते, डोळ्यांची आतली कड पांढरी पडते. चौथे पोट एरवी चांगलेच आंबट असते, सामू (पीएच, जितका कमी तितके आंबट) २ ते ३ च्या आसपास. जंतांमुळे तिथल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशी निकामी होतात आणि सामू वर सरकतो. थंड हवामानातल्या ऑस्टरटॅजिया कृमीच्या जड बाधेत तो ६ च्याही पुढे जातो. अल्बेंडॅझोल, फेनबेंडॅझोल ही जंतनाशके पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती विरघळतात आम्लात. आम्ल कमी झाले की औषधाचे कण न विरघळताच पुढे सरकतात, रक्तात कमी उतरतात. त्यात हगवण असेल तर आतड्यातून माल लवकर निघून जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लुसलुशीत गवतानेही हेच घडते.

लेव्हॅमिसोल हे दुसरे जंतनाशक पाण्यात विरघळणारे असल्याने आम्लावर तेवढे अवलंबून नाही. आयव्हरमेक्टिन या तिसऱ्या जंतनाशकाची गोष्ट वेगळी. ते १९८१ पासून जनावरांसाठी बाजारात आहे आणि त्यामागच्या शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले. हे औषध चरबीत साठून हळूहळू रक्तात येते. जंतांनी खंगलेल्या मेंढीत चरबीच उरत नाही, म्हणून ते अंगात कमी दिवस टिकते. सुई मारली म्हणून ही अडचण टळत नाही.

खाचरांच्या कडेला चरणाऱ्या जितराबाला आणखी एक धोका असतो : गोगलगायीमार्फत येणारा चपटा यकृतकृमी. अल्बेंडॅझोलचे परिणामकारक सल्फॉक्साइडमध्ये रूपांतर मुख्यतः यकृतातच होते, आणि तेच पोखरलेले असले तर औषधाचा हिशेब बदलतो. शिवाय अल्बेंडॅझोल फक्त वाढ झालेला यकृतकृमी मारते, पिल्ले सुटतात.

उपायांत पहिला मान वजनाला. नजरेने वजन धरले तर मात्रा कमी पडते. कळपातले सर्वांत वजनदार जनावर धरून मात्रा ठरवणे बरे. शेळी औषध मेंढीपेक्षा लवकर पचवून टाकते, म्हणून मेंढीची मात्रा तिला अपुरी. तरी बहुतेक घरी दोघींना एकच माप मिळते. औषध जिभेच्या मागच्या भागावर पाजावे. ते तोंडात पुढेच ओतले तर अन्ननलिकेची खाच मिटून तिची नळी होते आणि औषध कोठीपोट (पहिले, मोठे पोट) चुकवून पुढे जाण्याची शक्यता असते. कोठीपोटात साठून ते सावकाश सुटणे हिताचे. मान फार उंच ओढू नये, ठसका लागून औषध फुप्फुसात जाते. आदल्या रात्री चारा कमी ठेवल्यास औषध आत जास्त वेळ रेंगाळते, मात्र गाभण व अशक्त जनावराला उपाशी ठेवू नये. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल देऊच नये. फार खंगलेल्या जनावराला दुसरी मात्रा सुमारे १२ तासांनी द्यायची का, हे पशुवैद्याने ठरवावे.

औषधानंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्या तपासतात. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर कृमींत औषधरोधाचा, म्हणजे ते औषधाला जुमानेनासे झाल्याचा, संशय घेतात. पण वजन, मात्रा आणि पाजण्याची रीत बिनचूक होती ना, हे पाहिल्याशिवाय तो ठप्पा मारता येत नाही.