पडदा गडद, तरी स्वयंपाकघर गरम

स्वयंपाकघरात ऊन थेट ओट्यावर येत असलं की आपल्याला आधी आठवतो तो जाड, गडद रंगाचा पडदा. तो लावला की डोळ्यांवरची तिरीप जाते, खोलीत अंधारही होतो, पण उकाडा फारसा कमी होत नाही. कारण उजेड अडवणं आणि उष्णता अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

हा फरक खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांच्या ध्यानात आला तो सूर्य पाहताना. दुर्बिणीला ते निरनिराळ्या रंगांच्या काचा लावत. काही काचांतून उजेड अगदी कमी येई, पण डोळ्याला ऊष्मा जाणवे. काहींतून उजेड भरपूर येई आणि उष्णता जवळजवळ नाहीच. मग १८०० साली त्यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेत साधारण निम्मा वाटा त्यांचा असतो. दिसणाऱ्या उजेडाचा वाटा त्याहून थोडा कमी आणि अतिनील किरणांचा जेमतेम काही टक्के.

ही ऊर्जा थोडीथोडकी नसते. आकाश निरभ्र असताना सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट पडतात. उभ्या खिडकीवर ऊन तिरपं पडतं, म्हणून आकडा कमी होतो. तरीही पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीवर ५०० ते ७०० वॅट सहज येतात. साधी पातळ काच त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग आत सोडते. म्हणजे ऐन उन्हात ती खिडकी एखाद्या छोट्या हीटरचं काम करत असते.

आत आलेलं ऊन ओटा, फरशी, भांडी शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या वस्तूही किरण सोडतात, पण वेगळ्या जातीचे. सूर्याची जवळजवळ सगळी ऊर्जा ३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आखूड लहरींत असते, तर घरातल्या वस्तूंचे किरण १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतात. पहिल्या प्रकाराला काच पारदर्शक आहे, दुसऱ्याला भिंतीइतकी अपारदर्शक. म्हणून पडदा निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: उन्हाची उष्णता नेमकी कुठे होणार आहे, काचेच्या बाहेर की आत?

आतला गडद पडदा ऊन शोषतो आणि स्वतः तापतो. उष्णता खोलीत आलेलीच असते, फक्त ओट्याऐवजी पडद्यावर. काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापून वर चढते, पडद्याच्या माथ्यावरून खोलीत उतरते आणि खालून नवी हवा तिची जागा घेते. हे चक्र ऊन असेपर्यंत चालू राहतं. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा चकचकीत असेल, तर बरंचसं ऊन उष्णता होण्याआधीच, ऊन म्हणूनच परत फिरतं, आणि त्याला काच अडवत नाही. त्यामुळे पडद्याच्या जाडीपेक्षा मला त्याची पाठ महत्त्वाची वाटते. आतल्या बाजूला हवा तो रंग ठेवा, काचेकडे पांढरं अस्तर लावा. कापडावर पडलेलं ऊन तीनच वाटांनी जातं: परत फिरतं, आरपार जातं किंवा शोषलं जातं, तिन्हींच्या टक्केवारीची बेरीज १००. ब्लाइंडच्या माहितीपत्रकात हे आकडे दिलेले असतील तर ते जरूर वाचावेत, कारण अवरक्त किरणांचं काय होतं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

शक्य असेल तर आडोसा खिडकीबाहेरच करावा. बाहेरची झडप किंवा बांबूचा पडदा तापला तरी त्याची बरीचशी उष्णता बाहेरची हवाच घेऊन जाते. छज्जा मात्र डोक्यावरच्या सूर्यालाच अडवतो. सकाळचा नि संध्याकाळचा सूर्य त्याच्या खालून सरळ आत येतो, त्यामुळे पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना खाली उतरणारा आडोसा हवाच.

पट्ट्यांचे ब्लाइंड दिवाणखान्यात मला फार आवडतात. पट्ट्या आडव्या ठेवल्या की त्यांच्या पाठीवर पडलेलं ऊन छताकडे उसळतं आणि खोलीत मऊ उजेड पसरतो. स्वयंपाकघरात मात्र तेलाशी गाठ असते. तळताना उडालेले सूक्ष्म थेंब हवेतून खिडकीपर्यंत पोचतात. तेलातली असंतृप्त मेदाम्लं ऑक्सिजनशी संयोग पावतात, त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि साबणालाही दाद न देणारा पिवळट, चिकट थर तयार होतो. ऊन आणि उष्णता या क्रियेला वेग देतात, म्हणजे उन्हातला पडदा हीच तिची आवडती जागा. त्या थरावर धूळ बसली की पांढरी पाठही काळवंडते आणि ऊन परतवण्याऐवजी शोषू लागते. एकेक पट्टी पुसत बसणं रोज कुणाला जमणार? म्हणून इथे माझं मत फिक्या रंगाच्या, गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसता येणाऱ्या रोलर ब्लाइंडला. चुण्यांचे पडदे आणि लाकडी पट्ट्या टाळाव्यात. लाकूड वाफेने फुगतं, वाकतं.

शेगडी खिडकीला लागून असेल तर तिथे काहीच लोंबतं नको. सुती कापड झटकन पेट घेतं, पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं. अशा खिडकीला बाहेरचा आडोसा किंवा काचेवरची फिल्म बरी. फिल्म ऊन परतवणारी निवडावी. शोषणाऱ्या गडद फिल्ममुळे काचेचा मधला भाग तापून प्रसरण पावतो, चौकटीतल्या कडा थंड राहतात आणि त्या ताणाने काच तडकू शकते.

खिडकीजवळ काय ठेवता यालाही महत्त्व आहे. काचेतून येणारा निळा-जांभळा उजेड दुधातलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, शोषून घेतं आणि त्यातून सुरू होणाऱ्या क्रियांनी दुधाची चव बिघडते. पारदर्शक बाटलीतलं तेल लवकर खवट होतं. उजेडात बटाटे हिरवे पडतात. तो हिरवा रंग निरुपद्रवी, पण त्याच्या जोडीने सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात. असे बटाटे खाऊ नयेत.

उजेड तर हवाच, आणि तो सर्वांत खोलवर पोचतो खिडकीच्या वरच्या भागातून. म्हणून खालून वर सरकणारं ब्लाइंड मिळालं तर उत्तम: ओट्यावरचं ऊन अडतं, वरून उजेड येत राहतो. घरात लहान मूल असेल तर ते बिनदोरीचंच घ्या. ब्लाइंडची लोंबती दोरी मुलांच्या गळ्याला फास बसवू शकते.