टुमबार्लुम

टुमबार्लुम : आग्नेय वेल्समधील एक डोंगर. उंची ४१९ मी. तो ऐतिहासिक मॉनमथशर परगण्यात, रिस्का गावाच्या उत्तरेस व कुमकार्न खोऱ्यालगत आहे. त्याचा बोडका माथा आणि त्यावरचे टेकाड न्यूपोर्टच्या परिसरातूनही ओळखू येते. नावाचा पहिला घटक टेकाडवाचक दिसतो. उरलेला ‘उघडा माथा’ अशा अर्थाचा असावा, असे एक मत आहे.

माथ्यावर लोहयुगीन तटबंदीचे अवशेष आहेत. रोमनांना दीर्घकाळ झुंज देणाऱ्या सिल्युरीझ जमातीकडे तिचे कर्तृत्व सामान्यतः दिले जाते. पूर्व टोकाच्या टेकाडाविषयी मात्र मतभेद आहेत. काहींनी ते कांस्ययुगीन दफनस्थान मानले. दक्षिण वेल्सच्या डोंगरमाथ्यांवर अशी दफने विपुल असल्याने ही शक्यता सहज सुचते. इ.स. ७५ च्या सुमारास कार्लीअन येथे रोमन सैन्यदलाचा तळ उभारला गेला; त्याच्या सान्निध्यामुळे येथे रोमन इशारा-चौकी असावी, असाही तर्क झाला. तथापि टेकाडाचा उभा चढ, सपाट माथा आणि भोवती खडकात खोदलेला खंदक पाहता ती नॉर्मन (अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या लोकांच्या) पद्धतीची गढी, म्हणजे माथ्यावर लाकडी बुरूज उभारण्यासाठी रचलेला उंचवटा, मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या तटाचा आयता आसरा घेऊन अशा गढ्या इतरत्रही बांधल्या गेल्या. वाऱ्याच्या तोंडावरची ही उंच जागा कायम वस्तीपेक्षा पहाऱ्यास सोयीची. तेव्हा गढी अल्पकालीन असावी. काल ढोबळमानाने अकरावे ते तेरावे शतक. मूळ दफनावरच पुढे भर घालून ती रचली, ही मधली वाटही नाकारता येत नाही.

लोककथा टेकाडाखाली राक्षसाची कबर, तर कुठे मधमाश्यांनी राखलेला ठेवा सांगतात.

पायथ्याचा अर्वाचीन इतिहास कोळशाचा आहे. १ डिसेंबर १८६० रोजी रिस्काच्या ब्लॅक व्हेन खाणीतील स्फोटात १४० हून अधिक कामगार, त्यांत अनेक मुलगे, मृत्युमुखी पडले. डोंगर चढणाऱ्याने खालच्या खोऱ्याकडे पाहताना हे विसरू नये.

कुमकार्नच्या वनमार्गावरून चढ सोपा पडतो. रोगग्रस्त लार्च वृक्षांच्या तोडीसाठी काही वर्षे बंद असलेला हा मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. स्वच्छ दिवशी माथ्यावरून सेव्हर्नची खाडी व पलीकडचा इंग्लंडचा किनारा दिसतो. मोटारसायकलींमुळे तटाची माती झिजली आहे. म्हणून आखलेल्या पायवाटेनेच चढावे.