पातळ पत्रा म्हणजे कच्ची गाडी?

बॉनेट अंगठ्याने दबलं की ‘पत्रा कच्चा’ असा शिक्का बसतो. १९८९च्या माझदा एमएक्स-५ या कापडी टपाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट तर ॲल्युमिनियमचं. ते वजन वाचवण्यासाठी. ताकद बाहेरच्या पत्र्यात नसते, ती खालच्या सांगाड्यात असते. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची फ्रेमही आहे.

खरं दुखणं सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीत. कापडी टपाचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. पानं अडकून त्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरतं, आणि गंज आतून खातो. टर्बो बसवणं, सस्पेन्शन बदलणं नंतर बघा. आधी प्रत्येक नळीत कपभर पाणी ओता. मागच्या चाकापुढे खाली पडायला हवं. नाही पडलं, तर मऊ प्लॅस्टिकची तार हलक्या हाताने फिरवा. कॉम्प्रेसरची हवा नको, नळीच निसटते.